लाल पेन्सिलीचा शेरा

दयाराम,

तुला जाऊन आज नववा दिवस. कॉलेजच्या वार्षिकाचे संपादक काल प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "मेश्राम गेले, दोन पानं तुम्हीच लिहा. जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, स्वभाव मनमिळाऊ होता वगैरे." मी बरं म्हणालो. मग तुझ्या स्टुलावर बसलो, कागद ओढला आणि 'स्वभाव मनमिळाऊ होता' एवढं लिहून खोडून टाकलं. मनमिळाऊ कसला! तू चिकट होतास, खवचट होतास, आणि एखाद्या पोराने न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितली की त्याची पाठ सोडत नव्हतास. तेव्हा संपादकांना हवी ती दोन पानं दुसऱ्या कुणीतरी लिहावीत. मी तुलाच लिहितो आहे. छापायचं तर हेच छापा, असं त्यांना सांगणार आहे.

पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. मी प्राणिशास्त्राचा नवा कोरा व्याख्याता, खिशाला नवं पेन आणि डोक्यात नवी पदवी. तू वनस्पतिशास्त्राचा निदर्शक, म्हणजे प्रात्यक्षिकांची सगळी मांडामांड करणारा आणि मुलांच्या जर्नलवर सही करणारा. वयाने माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पहिल्या वर्षाच्या मुलांना दोन्ही विषयांची प्रयोगशाळा एकच होती. सक्करदऱ्याच्या तलावाचं पाणी तू सकाळीच सायकलवरून जॅमच्या बाटलीत घेऊन आला होतास. मी त्यातला एक थेंब स्लाइडवर ठेवला, वर पातळ काच टाकली, मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि मला एक सुंदर गोल, ठसठशीत काळ्या कडेचा जीव दिसला. मग काय, मुलांना रांगेत उभं केलं. "हा बघा एकपेशीय प्राणी. जीवनाची पहिली पायरी." सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांनी वहीत काढला. शेवटी तू आलास, डोळा लावलास आणि सुईच्या टोकाने वरच्या काचेला हळूच टिचकी मारलीस. माझा प्राणी घरंगळत काठाशी गेला आणि फुटला. तो हवेचा बुडबुडा होता.

मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझे कान तापले. तू मात्र अगदी सहज म्हणालास, "सरांनी मुद्दाम ठेवला होता. पहिल्या दिवशी सगळ्याइले हाच दिसते. ज्याची कड लय काळी अन् जो लय गोल, तो बुडबुडा समजा. जितं जे असते ते असं गोल राहत नाही. चला, खोडा अन् पुन्हा पाहा."

मी मान डोलावली. जणू खरंच मुद्दाम ठेवला होता. पुढे दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला तू आठवणीने एक बुडबुडा तयार ठेवायचास आणि मुलांना सांगायचास, ही युक्ती वसंत सरांची. पहिल्या वर्षी मला ओशाळल्यासारखं झालं, दुसऱ्या वर्षी जरा कमी, आणि तिसऱ्या वर्षी मी स्वतःच "माझी एक युक्ती आहे" म्हणून सुरुवात केली. तू तोंड फिरवून हसलास. तुझ्याकडून मी घेतलेलं पहिलं श्रेय ते.

तुझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही पोराला आज विचारलं तर त्याला दोन शब्द आठवतील. पुन्हा पाहा. मुलं पुस्तकातली आकृती बघून जर्नलमध्ये पेशी काढायची, रेखीव, मधोमध केंद्रक, चारी बाजूंनी बाण आणि नावं. तू विचारायचास, "हे मधातलं दिसलं काय तुले?" पोरगा नकारार्थी मान हलवायचा. "नाही दिसलं तं काढलं काहून गा? पुस्तकवाल्याले दिसलं होतं, त्यानं काढलं. तुले दिसंल तेवढंच काढ. वाकडं दिसलं तं वाकडं काढ." मग लाल पेन्सिलीने पानाच्या कोपऱ्यात शेरा यायचा, 'पुन्हा पाहा', आणि खालची सहीची चौकट रिकामी राहायची. त्या शेऱ्यापायी तू कुणाचे गुण कापले नाहीस. कुणी महिन्याने पुन्हा पाहून आला, कुणी परीक्षेच्या आदल्या दिवशी आला, तरी तू स्टूल सरकवून त्याला जागा करून द्यायचास. मी एकदा वैतागून म्हणालो होतो, "अरे, देऊन टाक ना सह्या, कांद्याची साल तर आहे." तू म्हणालास, "कांद्याच्या सालीत जो खोटं काढते, तो पुढं मानसाच्या रक्तात काय काढंल, सांग."

तुझी स्वतःची आकृती मात्र बघत राहावी अशी असायची. डावा डोळा मायक्रोस्कोपवर, उजवा कागदावर, आणि दोन्ही उघडे. एका डोळ्याने बघायचं आणि दुसऱ्याने काढायचं. मला ते कधीच जमलं नाही. मायक्रोस्कोपशी वाकलो की माझा दुसरा डोळा आपोआप मिटायचा. "मिटू नको गा," म्हणून तू माझ्या कपाळावर टिचकी मारायचास. इतकी वर्षं शिकवलंस, पण मी शेवटपर्यंत ढ तो ढच राहिलो.

आता डब्याचं लिहायला हवं. ते कुणी लिहीत नाही, पण तुझ्यापाशी लपवून काय उपयोग?

कांद्याच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी अर्धा कांदा मायक्रोस्कोपखाली जायचा आणि उरलेला अर्धा तुझ्या डब्यात. शांतावहिनींच्या हातची भाकर, झुणका आणि तो कांदा. पहिल्या दिवशी तू माझ्याकडे भाकर सरकवलीस. मी म्हणालो, मी घरून जेवून आलोय. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझं पोट भरलेलं नव्हतं, हे तुला दिसत होतं. मी का नाही म्हणतोय, हेही दिसत होतं. माझ्या घरात ज्या गोष्टी कुणी मोठ्याने बोलत नसे पण सगळे पाळत, त्यांतली ती एक होती, आणि मी ती डब्यासारखीच रोज कॉलेजात घेऊन येत होतो. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला तू तुझ्या वडिलांबरोबर त्या मोठ्या मैदानात उभा होतास, हे तू मला सांगितलं होतंस. तेव्हापासून मी तुझ्याशी फार आदराने वागत होतो. नुसत्या आदराने.

तू रागावला नाहीस. चौथ्या दिवशी दोन काडेपेटीच्या काड्या घेऊन आलास. "आ कर," म्हणालास. माझ्या दातांवरचा पांढरा मळ एका काडीने खरवडलास, तुझ्या दातांवरचा दुसरीने. दोन स्लाइडी केल्यास, निळा रंग दिलास आणि पाठ करून त्या चारदा अदलाबदल केल्यास. "तो हॉलंडचा कापडवाला असंच करे. कापडाचं सूत मोजाले भिंग बनवलं, अन् पाहून राहिला स्वतःच्या दाताचा मळ. त्याले लहान लहान प्रानी दिसले, तं तो म्हने, माह्या देशात जेवढे लोक नाहीत तेवढे माह्या तोंडात राहून राहिले. आता तू पाह्य. सांग, ह्याच्यातला बामनाचा कोनता अन् माहा कोनता."

कॉलेजातल्या एकुलत्या एका चांगल्या मायक्रोस्कोपखाली मी दोन्ही पाहिल्या. निळ्या काड्या, निळे ठिपके, मण्यांच्या माळा. पुन्हा पाहिल्या. पाऊण तास मी तिथे वाकून होतो आणि तू समोर बसून बाटल्या पुसत होतास. शेवटी मी सरळ झालो आणि म्हणालो, "नाही सांगता येत." "मंग भाकर खा," तू म्हणालास. मी खाल्ली. वहिनींचा झुणका इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं होतं हे आपण दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. त्या दिवसापासून तू मला मुलांसमोर 'सर' आणि डब्यावर 'वसंता' म्हणायला लागलास.

त्या डब्यावरच आपला इतिहास सुरू झाला. तू मोठमोठ्या माणसांना त्यांच्या नावांनी बोलवत नसायचास. बुचाचं पातळ काप काढून त्यात रिकाम्या खोल्या पाहणारा तो बूचवाला. "खोल्या पाहिल्या पन राहनारा पाहिला नाही बिचाऱ्यानं, घर मेलेलं होतं ना," असं तू म्हणायचास. मग आपला कापडवाला. मग ते दोन जर्मन दोस्त, एक झाडांचा आणि एक प्राण्यांचा. जेवणानंतर गप्पा मारता मारता त्यांच्या लक्षात आलं की तुझ्या झाडात जे आहे तेच माझ्या प्राण्यात आहे, सगळं सजीव पेशींचंच बनलेलं. ही गोष्ट सांगताना तू आधी स्वतःकडे बोट दाखवायचास, मग माझ्याकडे. "पाह्य, एक झाडवाला, एक जनावरवाला, मधात भाकर. आपनही काहीतरी शोधून काढू गा." नावं सगळी तुला तोंडपाठ होती आणि आपण पुढे लिहिलेल्या पुस्तिकेत ती नीट छापलेलीही आहेत. इथे मी ती लिहीत नाही. इथे मला एकच नाव लिहायचं आहे.

त्या दोन दोस्तांचं एक चुकलं होतं. नवी पेशी येते कुठून, तर पाकात साखरेचे खडे धरतात तशी ती रसातून आपोआप धरते, असं ते सांगून बसले. ते खोडून काढणारा जो तिसरा होता, तो तुझा सगळ्यांत लाडका. अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाच्या रक्तात त्याने पेशी दुभंगताना पाहिली, एकीच्या दोन होताना. पेशी पेशीपासूनच येते. पण तो ज्यू होता. पूर्ण प्राध्यापकाची खुर्ची हवी तर धर्म बदल, असं त्याला सुचवलं गेलं. त्याने बदलला नाही, आणि खुर्चीही मिळाली नाही. मग काही वर्षांनी एका नामांकित डॉक्टराने तेच एका डौलदार लॅटिन वाक्यात लिहिलं, आणि वाक्य जगभर त्याच्या नावावर गेलं.

"त्याले सांगत होते, धर्म बदल मंग खुर्ची देतो," तू एकदा म्हणालास. "त्यानं नाही बदलला, तो बसला तसाच. मी बदलला, अन् मीही बसलो तसाच. म्हंजे धर्माचं काही नाही वसंता, खुर्चीतच काहीतरी खोट आहे." आपण दोघंही खूप हसलो. तू खाजगीरीत्या परीक्षेला बसून एम.एस्सी. झाला होतास. व्याख्यात्याची जागा तीनदा निघाली आणि तीनदा दुसऱ्याची झाली, आणि मी तिन्ही वेळा हळहळून घरी गेलो होतो.

मी मात्र त्या दिवशी तावातावाने बोललो. म्हणालो, त्या डॉक्टराने चोरी केली. तू कांदा फोडत म्हणालास, "चोरी म्हनू नको. त्यानं फक्त नाव घेतलं नाही."

"तेच ते."

"तेच नाही गा. चोराले मालूम असते का आपन चोरून राहिलो. याले वाटलं असंल, वाक्य तं माह्यंच आहे. तू असता तं काय केलं असतं?"

"मी? मी पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहिलं असतं."

"पाहू," तू म्हणालास आणि मला कांद्याचा मोठा तुकडा दिलास.

पुस्तिकेची कल्पना तुझी. शाळेतल्या पोरांना पेशीची गोष्ट मराठीत सांगायची, त्या सगळ्या माणसांसकट. दोन हिवाळे आपण शनिवारी प्रात्यक्षिकं संपली की बसायचो. तू खिडकीत बसून तुझ्या वऱ्हाडीत गोष्ट सांगायचास आणि मी ती पुस्तकी मराठीत लिहून घ्यायचो. बुडबुड्याचा धडा तुझा, दातांच्या मळाचा तुझा, तिसऱ्याचा तर तुझाच. आकृत्या झाडून सगळ्या तुझ्या. माझं काय होतं? 'काहून'चं 'का' करणं आणि स्वल्पविराम.

हस्तलिखित घेऊन मी एकटाच सीताबर्डीवरच्या प्रकाशकांकडे गेलो, कारण तुझ्याकडे त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. पहिल्या पानावर दोन नावं होती, तुझं आधी. ते माझ्याच अक्षरात होतं, एवढं तरी मला माझ्या बाजूने सांगू दे. प्रकाशकांनी कागद चाळले, खूश झाले, आणि मग पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "सर, हे शाळांत जायचंय. वर प्राध्यापकाचं नाव असलं की हेडमास्तर उघडून तरी बघतात. निदर्शकाचं म्हणजे... आणि आडनावसुद्धा..." ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले. "तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतलं. मी "बरं" म्हणालो, दयाराम. भांडलो नाही, रागाने उठलो नाही, विचार करतो असंही म्हणालो नाही. चहा आला, तो प्यालो. बाहेर पडून सायकलवर टांग मारेपर्यंत माझ्या मनाने सगळी सफाई तयार ठेवली होती. लिहिलं तर मीच आहे, अक्षर माझं आहे, भाषा माझी आहे. दयारामला नावाची हौस नाही. प्रस्तावनेत लिहू की. प्रस्तावनेत मी काय लिहिलं ते तुला माहीतच आहे. 'आकृत्यांच्या कामी सहकाऱ्यांची मदत झाली.' सहकाऱ्यांची! जसे काही तुम्ही दहा जण होता.

छापलेली पहिली प्रत मी तुला दुपारी दिली. प्रयोगशाळेत कुणीच नव्हतं. तू हात धुतलेस, टॉवेलला पुसलेस आणि पुस्तिका उघडलीस. पहिलं पान पाहिलंस. मग एकेक आकृती बघत शेवटपर्यंत गेलास. तू पुस्तिका मिटलीस आणि म्हणालास, "छपाई साफ आहे, सर."

सर. मला वाटलं, दारात शिपाई आला असेल. मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

तू डबा बंद केला नाहीस. तू अबोला धरला असतास, चार शिव्या दिल्या असत्यास तर मी त्याच दिवशी तुझे पाय धरले असते, असं मी स्वतःला सांगत आलो, पण तेही बहुतेक खोटंच. दुसऱ्या दिवशी तू तसाच कांदा फोडलास, तसाच मोठा तुकडा माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालास, "घ्या सर." पुढे दहा वर्षं 'घ्या सर'. कुणाला वाटेल, यात काय एवढं, सरच तर म्हणतोय. मला त्या एका शब्दाने दहा वर्षं भाकर गिळू दिली नाही.

कळमेश्वरच्या शाळेने लेखकाचा सत्कार ठेवला तेव्हा तूच मायक्रोस्कोप पोत्यात गुंडाळून बसमध्ये मांडीवर धरून आणलास. तुझं गाव तिथून दोन कोसांवर. समोर बसलेल्यांत तुझे भाऊबंद, तुझ्या बहिणीची मुलं, आणि शाल-नारळ माझ्या हातात. एका मुलीने उभं राहून विचारलं, "सर, ह्या आकृत्या तुम्ही कशा काढल्या? आमच्या तं सरळच येत नाही." मी तुझ्याकडे पाहिलं. तू मायक्रोस्कोपचा आरसा उन्हाकडे वळवत होतास, आणि तू मान वर केली नाहीस. मी म्हणालो, "सरावाने." परत येताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतास. मी म्हटलं, "दयाराम, त्या मुलीला मी..." आणि तेवढ्यात कंडक्टर आला. कंडक्टर गेल्यावर मी वाक्य पुरं करू शकलो असतो. नागपूर यायला अजून तासभर होता.

या महिन्यात तू अंथरुणाला होतास तेव्हा मी सक्करदऱ्याला तुझ्या घरी आलो. येताना रिक्षात वाक्य पाठ करत होतो. मी तुझं नाव खोडलं, मला क्षमा कर. एवढंच होतं, शाळेतल्या पोरालाही पाठ झालं असतं. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस आणि म्हणालास, "वसंता, पानी दे गा."

दहा वर्षांनी वसंता. मी तुझ्या मानेखाली हात घालून पाणी पाजलं, आणि माझं पाठ केलेलं वाक्य पार विरघळून गेलं. मला वाटलं, याने मला आपसूकच माफ केलं, आता ते काढायलाच नको. बघ, तिथेही मी सोपी वाट धरली. तू विचारलंस, "पोट्ट्याइच्या जर्नल आल्या काय?" मी म्हणालो, आल्यात, तुझ्या टेबलावर गठ्ठा आहे. "सह्या राहिल्या," तू म्हणालास. मी म्हणालो, बरा होऊन ये, मग कर. वहिनी चहा घेऊन आल्या, आणि आपण दोघांनी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या.

परवा पुण्यानुमोदनाच्या विधीला तुझ्या घरी आलो होतो. वंदना झाली, लोक एकेक करून उठले. मीही चपला घालत होतो तेव्हा वहिनी आतून पुस्तिका घेऊन आल्या. तीच पहिली प्रत, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी ठेवून होते ते. म्हनत, वसंता आला तं त्याले देजो. मी म्हटलं, त्याइचंच तं पुस्तक आहे, त्याइच्यापाशी असंलच. तं म्हनत, नाही, हे दे."

मी ती तिथे उघडली नाही. तलावाच्या काठाशी येऊन उघडली. आत कुठेही एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, कुठेही रेघ नव्हती. फक्त पहिल्या पानावर, माझ्या एकट्याच्या छापील नावाशेजारी, कोपऱ्यात, लाल पेन्सिलीने: पुन्हा पाहा. आणि पानाच्या तळाशी हाताने आखलेली सहीची चौकट. रिकामी.

दयाराम, मी तिथे काठावर बसून रडलो. लोक बघत होते, बघू देत. तू रागावून हे लिहिलं असतंस तर मला सोसलं असतं. पण तो शेरा तू कधी रागाने लिहीत नव्हतास, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ज्याला पुन्हा दिसेल अशी तुला खात्री असायची, त्यालाच तू तो लिहायचास. पेन्सिलीचं अक्षर जुनं आहे, कागदात मुरलेलं. म्हणजे तू तो प्रत मिळाली त्याच सुमाराला लिहिला असणार आणि स्टूल सरकवून दहा वर्षं बसला असणार, की हा आज येईल, उद्या येईल. मी रोज तुझ्यासमोर येऊन बसत होतो आणि तुझा कांदा खात होतो.

काल प्रकाशकांकडे गेलो. पुस्तिका पुन्हा छापायची म्हणून ते केव्हापासून मागे लागले होते. मी पहिलं पान नव्याने लिहून नेलं: दयाराम मेश्राम, त्याखाली माझं नाव, आणि 'आकृत्या: दयाराम मेश्राम'. प्रस्तावनेत बुडबुड्याची गोष्ट आहे, माझ्या 'बरं'चीही आहे. त्यांनी वाचलं, पुन्हा चष्मा पुसायला काढला आणि म्हणाले, "आता ते गेले. आता कशाला?" मी म्हणालो, "ही अशी छापायची नसेल तर छापू नका." या वेळी चहा प्यालो नाही. काय करणार, वरातीमागून घोडं. छापतील की नाही माहीत नाही. वार्षिकाच्या संपादकांना मात्र हे सगळं असंच छापावं लागेल, कारण माझ्याकडे तुझ्याविषयी दुसरं काही लिहिलेलं नाही.

आज सकाळी लवकर प्रयोगशाळेत आलो. तुझ्या टेबलावर मुलांच्या जर्नलचा गठ्ठा तसाच आहे, लाल पेन्सिल तशीच आहे, तासून तासून निम्मी झालेली. नवीन निदर्शक अजून नेमलेला नाही. पहिल्या वर्षाची नवी मुलं पहिल्याच प्रात्यक्षिकाला यायची होती, म्हणून मी तलावाचं पाणी स्वतः जाऊन आणलं, आणि एका स्लाइडवर मुद्दाम हवेचा बुडबुडा ठेवला. मुलांनी रांगेने पाहिला, सगळ्यांनी काढला. मग मी काचेला टिचकी मारली आणि सांगितलं की ही युक्ती मेश्राम सरांची आहे, आणि पहिल्या दिवशी फसलेला माणूस मी. मुलं हसली. मग खोडून पुन्हा पाहायला लागली.

ती गेल्यावर मी त्या नव्या पहिल्या पानाची माझ्याकडची नक्कल तुझ्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवली. खाली चौकट आखली आहे, तू आखायचास तशी. पुन्हा पाहिलं, दयाराम. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. आता सही तेवढी राहिली, आणि ती मागायला माझ्यापाशी दहा वर्षं होती.

तुझा,
वसंता